खडक फोडणाऱ्याची बायको

फ्रेमवाल्याच्या घराण्यात आळशी पोरांना उठवायला पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट वापरली जायची. मूळपुरुष बायको, पोरं आणि एक बैलजोडी घेऊन एका उजाड माळावर आला, तेव्हा तिथे दगड आणि काटे यांशिवाय काही नव्हतं. बरोबर आलेली कुटुंबं तिसऱ्या कोरड्या वर्षी गाशा गुंडाळून परत गेली. हा एकटा राहिला. पहार घेऊन त्याने खडक फोडला, खालची माती वर आणली, आणि त्या मातीवर पुढच्या चार पिढ्या जेवल्या.

फ्रेमवाल्याच्या आजोबांनी ती जमीन भावांवर सोडली आणि शहरात येऊन सुतारकी धरली. वडिलांनी त्यातून फ्रेमचं दुकान काढलं, ते आता तो चालवत होता. जमीन सुटली तरी गोष्ट सुटली नव्हती. तोही आपल्या पोरांना म्हणायचा, "खापरपणजोबांनी खडक फोडला आणि तुम्हाला आपली चादर घडी करता येत नाही!"

थोरला मुलगा निमूट चादर घडी करायचा. धाकटी मुलगी अंथरुणातूनच विचारायची, "त्यांच्याकडे चादर होती का, ते सांगा आधी."

तिला घरात टकळी म्हणत. बोलायला लागली त्या दिवसापासून तिचं तोंड कधी मिटलं नाही, असं तिची आई म्हणायची. पुढे ती एका तपासणीच्या लॅबमध्ये रक्त घ्यायच्या कामाला लागली. सुईला घाबरणारी माणसंसुद्धा तिच्याकडेच यायची, कारण ती बडबडीच्या नादात सुई कधी टोचायची ते कळायचंच नाही.

थोरला लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेला. त्यानंतर दोन वर्षांनी टकळीच्याच रक्तात दोष निघाला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "घराण्यात पूर्वी कुणाला असं काही झालं होतं का?"

फ्रेमवाल्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने त्याच्याकडे. आजोबांच्या पलीकडचं कुणाला काही ठाऊक नव्हतं. खडकाची तेवढी गोष्ट होती, आणि तिचा डॉक्टरांना उपयोग नव्हता.

"थांबा, मी शोधते," टकळी म्हणाली. जणू दुसऱ्याच कुणाच्या आजाराबद्दल चाललं होतं.

तिथून वंशावळ सुरू झाली. दुकानात काच कापायचं मोठं टेबल होतं, त्याच्या एका बाजूला तिने चित्राभोवती बसवायचा, माउंटचा पांढरा पुठ्ठा मांडला आणि त्यावर नावं लिहायला घेतली. सुट्टीवरच होती, बरं वाटेल त्या दिवशी येऊन बसायची आणि नातेवाइकांना फोन लावायची. पहिल्या आठवड्यात ती विचारायची, कोण कशाने गेलं. नंतर नंतर ती भलतंच विचारायला लागली. कुणाला गाता यायचं, कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, कोण चिडलं की जेवायचं नाही. डॉक्टरांचा प्रश्न मागे पडला.

"बाबा, तुमच्या पणजोबांना पोहता येत नव्हतं, तरी ते विहिरीत उतरायचे, माहितेय?"

"कोणी सांगितलं?"

"थोरल्या आत्याआजींनी."

थोरली आत्या म्हणजे फ्रेमवाल्याच्या वडिलांची चुलत बहीण. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून ती अजून त्याच जुन्या जमिनीवर, मुलाकडे राहत होती. त्या शाखेशी येणंजाणं केव्हाच तुटलं होतं. फ्रेमवाल्याने तिला लहानपणी एकदा पाहिलं होतं. टकळीने तिचा नंबर कुठून मिळवला कोण जाणे, पण त्या दोघींचं असं काही जमलं की दर रविवारी दुपारी फोन ठरलेला. म्हातारीला ऐकायला कमी यायचं, त्यामुळे टकळी ओरडून बोलायची आणि पलीकडून म्हातारीही ओरडायची. फ्रेम न्यायला आलेली गिऱ्हाइकं थबकून ऐकत राहायची.

आजाराबद्दल मात्र तिने आत्याला अवाक्षर सांगितलं नाही. "सांगू नका हं बाबा. मग त्या गोष्टी सांगायच्या सोडून रडत बसतील." आत्या म्हणत होती, खडकाची खरी गोष्ट फोनवर सांगायची नाही, समोर बसून ऐकायची. "बरी झाले की जाते," टकळी म्हणायची.

ती बरी झाली नाही. केस गेले, भूक गेली, आणि सर्वांत शेवटी बोलणं गेलं. हिवाळा सरता सरता एका सकाळी ती गेली.

त्यानंतरच्या रविवारी तिचा मोबाईल वाजला. फ्रेमवाला दुकानात नुसताच बसला होता. पडद्यावर 'थोरली आत्या' अशी अक्षरं. त्याने तो हातात घेतला, वाजून वाजून बंद होईपर्यंत धरून ठेवला आणि परत ठेवून दिला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता उन्हाळा आला. बंद करून टाकावा तर तेही होईना. तेवढा एक फोन तिच्यासाठी अजून येत होता.

घरात वेगळंच चाललं होतं. थोरला मुलगा म्हणत होता, माझ्याकडे या, दोघांना पुरेशी जागा आहे. बायको जायला तयार होती. खरं तर तिला एक दिवसही इथे काढवत नव्हता. टकळीच्या खोलीसमोरून जायला लागू नये म्हणून ती मागच्या दाराने घरात यायची. जेवताना त्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसायची. फ्रेमवाला उलट रोज त्या खोलीत जाऊन खिडकी उघडायचा आणि संध्याकाळी लावायचा.

"जाऊ या ना हो," ती म्हणायची.

"तिला इथे टाकून?"

"ती नाहीये इथे."

"तुझ्यासाठी नसेल."

हे एकदा तोंडातून गेलं आणि मग परत घेता आलं नाही. त्या दिवसापासून दोघं कामापुरतं बोलत. मीठ दे, दिवा लाव, कोण आलंय.

मग एके दिवशी दुकानाच्या फोनवर आत्याच्या मुलाचा आवाज आला. "आईला बरं नाही. अंथरुणावरच आहे. तिचा एकच धोशा चाललाय. म्हणते, पोरीला म्हणावं, रुसलीस का? यायचं तर आत्ता ये, मग कुणाला विचारशील?"

"मी येतो," फ्रेमवाला म्हणाला. मुलगी येते की तू येतोस, हे आतेभावाने विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

बसने दुपारपर्यंत तिथे पोचला. माळ म्हणून जे त्याच्या डोक्यात होतं तसलं काही तिथे नव्हतं. कापणीला आलेला गहू रस्त्यापासून थेट टेकडीपर्यंत उभा होता. घर साधं, पत्र्याचं. शेजारी ट्रॅक्टरची शेड. आतल्या खोलीत म्हातारी उशांना टेकून बसली होती. अंगात मूठभर मांस नव्हतं, पण डोळे टक्क उघडे. तिच्या पलंगासमोर खुर्ची मांडून ठेवली होती. कोपऱ्यात दुसरी एक खाट होती, तिच्यावर नवी चादर, घड्या न मोडलेली.

म्हातारीने त्याच्या खांद्यावरून मागे दाराकडे पाहिलं.

"आणि ती?"

"तिला... तिला नाही जमलं, आत्या," तो तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला.

"मग तू कशाला आलास?"

आतेभाऊ हसला. फ्रेमवाल्यानेही हसल्यासारखं केलं. "तिनंच पाठवलंय. म्हणाली, गोष्ट तुम्ही ऐकून या."

"रुसलीये ना? खरं सांग. मीच म्हणाले होते तिला, माणसाने किती बोलावं गं, माझे कान किटले. चेष्टेत म्हणाले होते. लावून घेतलं वाटतं पोरीने मनाला."

"नाही हो. ती नाही रुसत."

"मग फोन का उचलत नाही?"

म्हातारीने त्याला जरा वेळ न्याहाळलं आणि सुस्कारा टाकला. "बस. टिपून घे. ती टिपायची, फोनवर पेन्सिलीची खरखर ऐकू यायची मला. मला बाकी काही ऐकू येत नाही, पण ती खरखर यायची."

त्याने खिशातून पेन काढलं आणि नुसतंच हातात धरलं.

"माझ्या आजीने सांगितलेलं सांगते," आत्या म्हणाली. "खडक फोडणाऱ्याची ती सून. सासूचं शेवटचं सगळं तिनेच केलं. तेव्हा हे ऐकीव असलं तरी उडतं नाही. तुमच्या शहरात काय सांगतात? सगळे पळाले, तो एकटा छाती काढून उभा राहिला, हो ना?"

"तसंच."

"छाती-बिती काही नाही. त्याला जायचं होतं. सगळ्यांत आधी त्यालाच जायचं होतं. तीन वर्षं पाऊस नाही, एक बैल मेला तेव्हा दुसरा कुणाकडून तरी मागून आणलेला. त्यानेच बाकीच्यांना म्हटलं, चला, इथे मरायचं नाही आपल्याला. गाड्या भरल्या. भांडी, अंथरुणं, जातं, कोंबड्यांचं खुराडं, सगळं चढवलं. सकाळी निघायचं. बायको गाडीत बसली, पोरं बसली, त्याने बैल हाकले. शेताच्या टोकाशी गाडी आली आणि ही खाली उतरली."

म्हातारी थांबली. मुलाने तिला पाणी दिलं. तिने घोटभर पिऊन भांडं बाजूला सारलं.

"त्या टोकाशी त्यांची पोर पुरलेली होती. त्याच उन्हाळ्यात गेलेली. चारेक वर्षांची असेल. ही जाऊन तिथे बसली. त्याला वाटलं, बसू दे घटकाभर, निरोप घेतेय. बाकीच्या गाड्या पुढे गेल्या. हा हाका मारतोय. मग उतरून आला, समजावलं, मग ओरडला, मग हात जोडले. ती भांडली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. हिला एकटीला टाकून मी कशी येऊ?"

फ्रेमवाल्याच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला तो वाकला आणि मग त्याला वर येता येईना. गुडघ्यांवर कोपरं टेकून, तोंड ओंजळीत धरून तो तसाच राहिला. आवाज आला नाही, पण पाठ हलत होती.

आतेभाऊ गोंधळून पुढे झाला. म्हातारीने हाताने त्याला थांबवलं. तिने कोपऱ्यातल्या खाटेकडे पाहिलं, मग वाकलेल्या पाठीकडे.

"कधी?" तिने विचारलं. त्याने ओंजळ सोडून तिच्याकडे तोंड वर केलं.

"हिवाळ्यात."

"हिवाळ्यात." तिचा आवाज एकदम चढला. "आणि मी रविवार रविवार फोन लावत बसले! मेल्या, मी तुला कोण वाटले? परकी? इतके दिवस मी त्या पोरीला शिव्या घालतेय मनातल्या मनात, की नवं नवं होतं तोवर आत्याआजी, आता विसरली. गेलेल्या पोरीला शिव्या घालायला लावल्यास तू मला!"

"मला सांगवेना, आत्या."

"जा. बाहेर जा जरा."

ती भिंतीकडे वळली. तो बाहेर येऊन शेडपाशी उभा राहिला. आतेभाऊ मागून आला. तो म्हणाला, "चल, शेत दाखवतो."

दोघं बांधावरून चालत गेले. फ्रेमवाल्याने विचारलं, "ते टोक कुठलं?"

आतेभावाने हात सगळीकडे फिरवला. "कुणाला ठाऊक! तेव्हा जमीन केवढी होती, आता केवढी. आई म्हणते, ती बाई होती तोवर तेवढ्या जागेला नांगर लावू दिला नाही. ती गेली आणि पुढच्याच पेरणीला पोरांनी नांगर घातला. तिचीच पोरं. वाईट नव्हती रे; खायला तोंडं वाढली होती. आम्ही आता ट्रॅक्टरच घालतो. कुठेही असेल."

फ्रेमवाल्याने कुठे पाय ठेवावा हे न कळून बांधावरच उभं राहणं पसंत केलं. गहू वाऱ्याने एका बाजूला लवत होता. टकळीने इथे उभं राहून किती प्रश्न विचारले असते, असं त्याच्या मनात आलं. त्याला एकही सुचला नाही.

परत आले तेव्हा म्हातारी पुन्हा उशांना टेकून बसली होती. डोळे सुजले होते. तिने त्याला खुर्चीकडे बोट दाखवलं.

"त्रास फार झाला का तिला?"

"झाला. शेवटी नाही."

"मला बोलली नाही, लबाड. खोकला आला की म्हणायची, दुकानात धूळ आहे." तिने नाक पुसलं. "तुझी बायको कशी आहे?"

त्याने सांगितलं. मागचं दार, जेवताना फिरवलेली पाठ, थोरल्याचं बोलावणं, आणि आपण काय बोलून बसलो तेही. "ती जायचं म्हणते. मला नाही सोडवत ते घर. आता तुमच्याकडून ऐकलं, तर वाटतं, माझं काही चुकीचं नाही. ती बाईसुद्धा..."

"गोष्ट कुठे संपली अजून?" म्हातारीने त्याला तोडलं. "तू मधेच रडलास. ऐक पुढे. त्याने बैल सोडले. करणार काय? गाडी रिकामी केली आणि दुसऱ्या दिवसापासून पहार घेऊन खडकाला भिडला. लोक म्हणतात जिद्द. माझी आजी म्हणायची, तो राग होता. बायकोला तर मारता येत नव्हतं. तसा माणूस नव्हता तो. मग दगडाला मारायचा. अंधार पडेपर्यंत मारायचा, जेवायला यायचा, तिच्याकडे न बघता जेवायचा. पुढे पाऊस झाला, पीक आलं, अजून पोरं झाली, सगळं झालं. पण तो मरेपर्यंत त्या टोकाकडे एकदाही गेला नाही, आणि ती मरेपर्यंत तिथून हलली नाही. दोघं एका घरात राहिली एवढंच."

ती थोडा वेळ श्वास घेत राहिली.

"आजी म्हणायची, सासूचं दुःख साऱ्या गावाला दिसलं. सासऱ्याला कुणी विचारलंच नाही. पोर त्याचीही होती की रे. त्याला ती जागा बघवत नव्हती, म्हणून जायचं होतं त्याला. टाकून नव्हतं जायचं."

फ्रेमवाल्याने मघाशी पडलेलं पेन खालून उचललं.

"हे मी त्या पोरीला सांगणार होते," म्हातारी म्हणाली. "तिला आवडलं असतं. खूप प्रश्न विचारून माझं डोकं खाल्लं असतं तिने."

कोपऱ्यातल्या खाटेवर त्याला झोपायचा आग्रह झाला, पण तो थांबला नाही. संध्याकाळची बस धरली. घरी पोचला तेव्हा बायको स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. त्याने चपला काढल्या, आत आला आणि तिच्या हातातलं फडकं घेऊन उरलेली भांडी पुसायला लागला.

"काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं, मधे कुठे न थांबता. बायको ओट्याला टेकून ऐकत होती. पोर त्याचीही होती, हे ऐकताच ती खाली बसली. तोही शेजारी बसला. टकळी गेल्यापासून दोघं एकत्र रडली नव्हती. एक रडायला लागलं की दुसरं उठून जायचं. त्या दिवशी कुणी उठलं नाही.

"जाऊ या थोरल्याकडे," मग तो म्हणाला.

"तुम्हाला नाही जमायचं."

"नाही जमायचं. पण जाऊ या."

दुकान त्याने ओळखीच्या एका कारागिराला चालवायला दिलं. टकळीची खोली आवरायला त्याला बरेच दिवस लागले. बायको दारापर्यंत यायची, आत यायची नाही. तो एकेक वस्तू दाखवायचा आणि ती मान हलवायची, ठेवा किंवा नको. आत्या उन्हाळा सरायच्या आत गेली. आतेभावाचा फोन आला तेव्हा घरात खोकी बांधून ठेवलेली होती. त्याने दुकानातून आणलेल्या वंशावळीच्या पुठ्ठ्यावर आत्याच्या नावापुढे ती गेल्याचं वर्ष लिहिलं. मग हात खाली, टकळीच्या नावापर्यंत आला, आणि तिथे त्याने बराच वेळ थांबून तेही लिहिलं. अक्षर वाकडं आलं. बायकोने ते पाहिलं आणि पुठ्ठा जुन्या चादरीत गुंडाळून खोक्यात घातला.

थोरल्याच्या घरी त्यांना मागची खोली मिळाली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. बायकोला तिथे झोप लागायला लागली. त्याला लागत नव्हती. सकाळी तो उगाच बाजारातून फिरून यायचा, फ्रेमच्या दुकानासमोर थांबायचा, कोपऱ्यात सांध्याला फट राहिलेली दिसली की अस्वस्थ व्हायचा आणि पुढे जायचा.

एकदा असाच फिरून घरी आला तर आतून हसण्याचा आवाज. बायको हसत होती. शेजारीण काहीतरी सांगत होती आणि ही पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. दारातच त्याचे पाय थबकले. त्याला राग आला. इतका, की परत फिरावं आणि रस्त्याला लागावं असं वाटलं. तुला हसू येतं कसं?

बायकोने त्याला पाहिलं. तिचं हसू एकदम विझलं आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

तो आत आला, खुर्ची ओढून त्या दोघींच्या समोर बसला.

"काय झालं? मलाही सांगा की," तो म्हणाला.

शेजारणीने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तिच्या सासऱ्यांनी आपली समजून दुसऱ्याच कुणाची तरी कवळी घरी आणली होती, असं काहीतरी होतं. त्याचं अर्ध्याकडे लक्षच नव्हतं. पण तो बायकोकडे पाहत होता, आणि ती घाबरत घाबरत, आधी त्याच्या तोंडाकडे बघून, मग पुन्हा हसायला लागली. त्याला हसू आलं नाही. तो तिथून उठला मात्र नाही.